धुकं दिसलं म्हणजे औषध पोहोचलं का?

(सातारा येथे ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक सभेत झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांच्या काही प्रश्नांना दिलेली उत्तरे जोडली आहेत.)



संयोजकांनी फोनवर विचारलं, ‘सर, विषय काय लावू?’ मी म्हणालो, ‘घरातला नेब्युलायझर.’ पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, ‘नाही सर, म्हणजे आम्हाला वाटलं तत्त्वज्ञानातलं काहीतरी...’ (हशा) त्यांचं बरोबरच आहे. मी आयुष्यभर तर्कशास्त्र आणि भारतीय दर्शनं शिकवली. नावामागे डॉक्टर लागतं, पण हात पुढे करून नाडी दाखवावी असा तो डॉक्टर नव्हे. तेव्हा एक गोष्ट आधीच सांगतो. औषध कोणतं, किती, दिवसातून किती वेळा, हे तुमचे डॉक्टर ठरवतील, त्यात माझा काही अधिकार नाही. मी बोलणार आहे ते त्या यंत्राशी आपण कसे वागतो त्याबद्दल. ते मला वयाच्या सत्तरीनंतर शिकावं लागलं, आणि जरा महागात पडून.

ज्यांच्या घरी नेब्युलायझर आहे त्यांनी हात वर करा पाहू. बघा, जवळजवळ निम्मं सभागृह. आता मशीनच्या खोक्यात जी पुस्तिका येते ती ज्यांनी वाचली त्यांनीच हात वर ठेवा. दोन. (हशा) लाजू नका, गेल्या महिन्यात सांगलीत हेच विचारलं तेव्हा एकच हात राहिला होता, आणि ते गृहस्थ मशीन विकणारे निघाले.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांचं श्वासाशी नातं जुनं आहे. पाचगणीच्या हवेसाठी एकेकाळी मुंबईहून क्षयाचे रोगी येत. डॉ. बिलिमोरियांचं बेल-एअर तिथे उभं राहिलं ते त्यासाठीच. सांगली आणि मिरजेच्या मध्ये वानलेसवाडी आहे, तिथेही क्षयरोग्यांचं आरोग्यधाम होतं. मिरजेला दवाखाना उभा करणाऱ्या डॉ. वानलेस यांच्या नावाची ती वाडी. हवा हेच औषध, असा तो काळ. आणि आता त्याच प्रदेशात आपण काय श्वासात घेतो? गळीत हंगाम सुरू झाला की पाचट पेटवतात, संध्याकाळी अंगणात काळी राख उडत येते. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची धूळ. तासगावकडे बेदाण्याच्या शेडमध्ये गंधकाची धुरी. जावळी-पाटणकडे चार महिने भिंतींना ओल आणि बुरशी. आणि आमच्या आया-बहिणींनी चुलीपुढे बसून, तव्यावर मशेरी भाजून जो धूर घेतला, त्याचा हिशेब तर कुणी ठेवलाच नाही. आयुष्यात विडीला हात न लावलेल्या बायकांना म्हातारपणी सीओपीडी होतो तो इथूनच.

माझी थोरली बहीण, अक्का, अशांपैकीच एक. वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावी भाच्याजवळ असते. दम्याचा त्रास जुना. पाच-सहा वर्षांपूर्वी भाच्याने तिला नेब्युलायझर आणून दिला. दुकानदाराने खोकं हातात दिलं, बटण दाखवलं, पैसे घेतले. झालं शिक्षण.

जानेवारीतली गोष्ट. मी चार दिवस गावी गेलो होतो. शेजारच्या रानात ऊस तुटून गेला होता आणि त्या संध्याकाळी पाचट पेटवलं. रात्री अकराला अक्काला धाप लागली. मशीन लावलं. दहा-पंधरा मिनिटांनी ती म्हणाली, ‘बरं वाटतंय.’ दीड वाजता पुन्हा. पुन्हा मशीन, पुन्हा थोडं बरं. पावणेचारला तिसऱ्यांदा. भाचा म्हणाला, ‘मामा, गाडी काढू का?’ आणि मी, घरातला सर्वांत शिकलेला माणूस, म्हणालो, ‘अरे, मशीननं उतरतंय की. थंडी केवढी आहे. उजाडू दे, मग जाऊ.’ अक्कानेही मान हलवली. मास्कमधून येणाऱ्या धुक्याकडे बोट दाखवून तुटक तुटक म्हणाली, ‘धूर... निघतोय की रे बापू... औषध जातंय...’

साडेपाचला तिला बोलताच येईना. सांगलीतल्या एका रुग्णालयात पोहोचेपर्यंत ओठ निळसर झाले होते. चार दिवस ती तोंडावर घट्ट मास्क बांधून श्वास देणाऱ्या यंत्रावर होती. वाचली. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, ‘काका, तीनला आणलं असतं तर हे लागलं नसतं. आणि आणखी तासभर थांबला असता तर...’ ते वाक्य त्यांनी तसंच सोडलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीन मागवून घेतलं आणि माझ्यासमोर उघडलं. हवा आत घेण्याच्या छिद्रावरचा फिल्टर राखेने काळा. औषधाच्या कपात मधोमध जे सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं, ते वाळलेल्या औषधाने अर्धं बुजलेलं. मास्क गुदमरतो म्हणून अक्का तो वीतभर लांब धरत होती. आणि सगळ्यात मोठी गोष्ट : रोज घ्यायचा स्टेरॉइडचा पंप तिने दोन महिन्यांपूर्वी बंद केला होता. का? तर ‘आता मशीन आहे की.’

आता इथे माझा विषय सुरू होतो. न्यायशास्त्राचा पहिला धडा ज्यांनी घेतलाय त्यांना डोंगर, धूर आणि अग्नी आठवत असेल. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. मी चाळीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं अनुमान. पण त्याच जुन्या तर्कग्रंथांत एक इशाराही आहे. दूरवर जे दिसतंय ते धूर आहे की नुसतं बाष्प, धुकं, याची खात्री नसताना त्यावरून अग्नी ठरवला तर ते अनुमान लंगडं. हेतूच संशयित. मी हे विद्यार्थ्यांना शिकवलं, परीक्षेत विचारलं, त्याचे पाच गुण ठेवले. आणि त्या रात्री स्वतः नापास झालो. मास्कपुढे धुकं दिसतंय, म्हणून औषध छातीत पोहोचतंय. औषध पोहोचतंय, म्हणून अक्का सुधारतेय. दोन्ही पायऱ्या निसरड्या.

का निसरड्या, ते समजायला यंत्र समजून घेऊ. फार सोपं आहे. आपण पाहतो तो खोका म्हणजे हवेचा पंप, बाकी काही नाही. तो नळीतून जोराने हवा सोडतो. कपाच्या तळाच्या बारीक छिद्रातून ती हवा वेगाने बाहेर पडते, तिच्या ओढीने औषध वर खेचलं जातं आणि फुटून थेंब होतात. वर एक छोटा अडसर असतो. मोठे थेंब त्यावर आदळून परत कपात पडतात, बारीक तेवढे बाहेर जातात. ही वाफ नव्हे, बरं का. आपल्याकडे ‘वाफेचं मशीन’ म्हणतात, पण यात काही तापत नाही. गार धुकं आहे ते.

थेंब किती बारीक हवा? एक ते पाच मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. यवतेश्वरच्या घाटात पावसाळ्यात धुकं लागतं ना, त्यातला थेंब साधारण दहा-वीस मायक्रॉनचा. म्हणजे त्याहूनही कितीतरी बारीक थेंब पाहिजे, तरच तो फुफ्फुसाच्या बारीक नळ्यांत उतरतो. मोठा थेंब नाकात, घशात आदळून तिथेच राहतो. छिद्र बुजलं, फिल्टर भरला, हवेचा जोर कमी झाला, की थेंब मोठे होतात. धुकं दिसतंच. डोळ्याला दोन मायक्रॉन आणि वीस मायक्रॉन यांतला फरक कळत नाही. आणि मास्क चेहऱ्यापासून दोन-तीन बोटं जरी लांब धरला, तरी धुक्याचा बराच भाग खोलीला मिळतो. दम्याचा त्रास खोलीला नसतो. (हशा)

तेव्हा बसायचं कसं? ताठ, खुर्चीत किंवा भिंतीला टेकून. आडवं पडून नाही. मास्क असेल तर नाका-तोंडावर नीट बसलेला. मोठ्या माणसांनी शक्यतो तोंडात धरायची नळी वापरावी, डॉक्टरांना विचारून. नाकाची गाळणी टळते आणि औषध डोळ्यांत जात नाही. हे काचबिंदूवाल्यांनी नीट ऐका. इप्राट्रोपियम नावाचं एक औषध या कुप्यांमध्ये बऱ्याचदा असतं. सैल मास्कमधून ते डोळ्यांत उडालं तर काही जणांच्या डोळ्यांतला दाब एकदम वाढू शकतो. डोळ्यांचा त्रास असेल तर तो छातीच्या डॉक्टरांनाही सांगा. आपण काय करतो, डोळ्यांचं डोळ्यांच्या डॉक्टरांना, छातीचं छातीच्या. शरीर मात्र एकच असतं.

श्वास नेहमीसारखा, संथ. मधूनच एखादा खोल. गप्पा नकोत, फोन नको. साधारण दहा मिनिटांत कपातून फुर्र-फुर्र असा तुटक आवाज येऊ लागतो, तिथे थांबायचं. तळाशी थोडं औषध उरतंच, ते पुढच्या वेळेसाठी राखायचं नाही. आम्हा शिक्षकांच्या घरात काही वाया घालवायचं नाही असा बाणा, पण इथे तो चालवू नका. एरवी दहा मिनिटांत संपणारं औषध पंचवीस मिनिटं घेऊ लागलं, तर यंत्र बिघडलंय असं समजा.

आता कपात काय घालायचं. इथे मला थोडं कठोर बोलावं लागेल. डॉक्टरांनी लिहून दिलेलं, नेब्युलायझरसाठीच बनवलेलं निर्जंतुक औषध. बस. निलगिरीचं तेल नाही, ओव्याचं पाणी नाही, तुळशीचा अर्क नाही, हळदीचं पाणी नाही, कापूर नाही, गोमूत्र नाही. सांगलीत एक आजोबा म्हणाले, ‘पण सर, हळद तर चांगलीच की.’ चांगलीच. दुधात. फुफ्फुस हे पोट नव्हे. पोटात आम्ल आहे, पाचक रस आहेत, खाल्लेलं ते निवडतं, मारतं, बाहेर टाकतं. फुफ्फुसाच्या टोकाला जिथे हवा आणि रक्त भेटतात तिथली भिंत मायक्रॉनहूनही पातळ. तेलाचे थेंब तिथे पोहोचले तर ते पचत नाहीत, साठतात आणि त्यातून एक वेगळ्याच जातीचा न्यूमोनिया होतो. कोविडच्या काळात हायड्रोजन पेरॉक्साइड नेब्युलायझरमधून घ्यायचे संदेश मोबाईलवर फिरले होते. जखम धुवायचं रसायन छातीत! पाठवणारे दुष्ट नव्हते, माझ्या ओळखीचेच होते. ‘नैसर्गिक आहे’ किंवा ‘जंतू मारतं’ एवढ्यावरून ‘श्वासात चालतं’ हे निघत नाही.

साधं पाणीसुद्धा नाही. नळाचं नाही, उकळून गार केलेलं नाही, बॅटरीसाठी आणतो ते डिस्टिल्ड वॉटर तर नाहीच. औषध पातळ करायला सांगितलं असेल तर निर्जंतुक नॉर्मल सलाईन, म्हणजे ०.९ टक्के मिठाचं पाणी. आपल्या शरीरातल्या द्रवाशी ते जुळतं. नुसत्या पाण्याचे थेंब दम्याच्या माणसाच्या नळ्या उलट आवळू शकतात. शिवाय नळाच्या पाण्यातले जंतू एरवी पोटात जातात, इथे आपण त्यांना स्वतः थेंबात बसवून छातीत पोहोचवतो.

आणखी एक गोष्ट, औषधाच्या दुकानात नीट बघा. साल्ब्युटामॉल दोन रूपांत मिळतं. एक, प्लास्टिकची छोटी कुपी, तिला रेस्प्यूल म्हणतात. त्यात अडीच मिलिलिटरमध्ये अडीच मिलिग्रॅम, आधीच पातळ केलेलं. दुसरी बाटली, तिच्यातलं औषध दाट असतं, एका मिलिलिटरलाच पाच मिलिग्रॅम. ते सलाईनमध्ये मोजून घालायचं. कुपी घेण्याची सवय झालेल्या माणसाने बाटलीतलं औषध तेवढंच ओतलं तर डोस पाचपट होतो. हात थरथरतात, छाती धडधडते, रक्तातलं पोटॅशियम उतरतं. हृदयविकार असलेल्या माणसाला हे झेपेलच असं नाही. नाव सारखं दिसलं तरी लेबलवरचा आकडा वाचा. चष्मा लावून वाचा.

बुडेसोनाइड हे स्टेरॉइड. त्याची कुपी उघडण्याआधी हलकेच हलवून घ्या, कारण औषध तळाशी बसतं. ते घेतल्यावर चूळ भरून थुंका आणि मास्क वापरला असेल तर तोंडही धुवा. नाहीतर जिभेवर पांढरी बुरशी येते. ध्वनिलहरींवर चालणारी जी अल्ट्रासॉनिक मशीन्स असतात, त्यांच्यात हे औषध चालत नाही, हेही खरेदीपूर्वी विचारा.

स्वच्छतेचं सांगतो. हा भाग कंटाळवाणा आहे आणि त्यामुळेच सगळे टाळतात. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत असं लक्षात आलं की श्वास घेणं सोपं व्हावं म्हणून लावलेल्या उपकरणांमधूनच रोग्यांना न्यूमोनिया होतोय. ओलसर राहिलेल्या भांड्यांत जंतू वाढत होते. रुग्णालयात ही गत, तर आपल्या कपाटातल्या ओल्या कपाची काय असेल?

प्रत्येक वेळी वापरून झालं की कप सुटा करायचा, उरलेलं औषध टाकायचं, कोमट पाण्याने कप आणि मास्क खळखळून धुवायचे, झटकायचे आणि स्वच्छ कापडावर उघडे वाळू द्यायचे. घरातल्या हात पुसायच्या टॉवेलने पुसायचे नाहीत. तो टॉवेल कुठे कुठे फिरलेला असतो ते तुम्हाला माहीत आहे. दिवसातून एकदा भांड्यांच्या सौम्य साबणाने. निर्जंतुक करणं हे त्याच्या पुढचं. काही कप पाच-दहा मिनिटं उकळलेले चालतात, काही उकळले तर वाकडे होतात. पुस्तिकेत लिहिलेलं असतं. काही कंपन्या एक भाग पांढरं व्हिनेगर, तीन भाग पाणी यात अर्धा तास बुडवायला सांगतात. शेवटचं खळखळणं उकळून गार केलेल्या पाण्याने करा. नळी मात्र धुवायची नाही, आतून वाळत नाही. नळीत थेंब दिसले तर कप काढून नुसती नळी लावून दोन-चार मिनिटं मशीन चालवा. फिल्टर राखाडी झाला की बदला, धुवून परत लावू नका. उसाच्या हंगामात तो लवकर भरतो, तेव्हा दर आठवड्याला उघडून बघा. कपही कायमचा नसतो, काही महिन्यांनी नवा घ्यावा लागतो. आणि एकाचा मास्क दुसऱ्याला नाही. आजोबांचा नातवाला तर नाहीच.

विजेचं एका वाक्यात. मशीन गादीवर, रजईवर ठेवू नका, त्याची हवा कोंडते आणि ते तापतं. टेबलावर ठेवा, ओल्या हाताने प्लग लावू नका. सांगलीकरांसाठी जास्तीचं वाक्य : २०१९ च्या महापुरासारखं घरात पाणी शिरलं आणि मशीन बुडालं, तर वाळवून पुन्हा वापरायचा मोह धरू नका. वर ऑक्सिजनचं यंत्र घरात असेल तर त्याच्याजवळ विडी, उदबत्ती, निरांजन काही नको. आणि नेब्युलायझरचा कप मनाने ऑक्सिजनच्या नळीला जोडू नका. सीओपीडीच्या काही रोग्यांना जास्तीचा ऑक्सिजनच घातक ठरतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. त्या रात्री फिल्टर स्वच्छ असता, छिद्र मोकळं असतं, मास्क घट्ट असता, तरी आम्ही चुकलोच असतो. थोडं कमी चुकलो असतो, एवढंच. साल्ब्युटामॉलसारखं औषध नळ्यांभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करतं. पण दम्यात नळ्या आतून सुजलेल्या असतात, त्यांत कफ दाटलेला असतो. ती सूज या औषधाने जात नाही. म्हणजे दुखणं आत वाढत असताना वर थोडा वेळ बरं वाटतं, आणि ते बरं वाटणंच आपल्याला फसवतं. ऑगस्ट २०२२ मध्ये ब्रिटनच्या औषध-नियामक संस्थेने लहान मुलांच्या दम्याबाबत नेमका हाच इशारा दिला. दम्याच्या झटक्यासाठी घरी नेब्युलायझर वापरायचा तर तो तज्ज्ञांनीच सुरू करावा आणि त्यांच्याच देखरेखीखाली राहावा, कारण त्यामुळे वाढणारं दुखणं झाकलं जाऊ शकतं आणि रुग्णालयात जायला उशीर होऊ शकतो. मी तो मजकूर वाचला तेव्हा मला पावणेचारची ती वेळ आठवली.

म्हणून धुक्याकडे नाही, माणसाकडे बघायचं. एक वाक्य एका दमात पूर्ण बोलता येतंय का? मी आता अक्काला फोन केला की मुद्दाम लांब प्रश्न विचारतो. उत्तर तुकड्यातुकड्यांत आलं की मी सावध होतो. मिनिटाला किती श्वास चाललेत? मोठ्या माणसाचे पंचवीसच्या वर असतील तर ते बरं लक्षण नाही. मान आणि गळ्याचे स्नायू ओढले जातायत का? मुलांच्या बरगड्यांमध्ये खळगे पडतायत का, बाळ दूध ओढायचं थांबलंय का? बोटाला लावायच्या यंत्रावर दम्याच्या माणसाचा आकडा ९२ च्या खाली गेलाय का? सीओपीडीवाल्यांचा नेहमीचा आकडाच कमी असू शकतो, तो आपल्या डॉक्टरांकडून आधी समजून घ्या. ओठ निळे, माणूस गुंगीत, बोलणं असंबद्ध, एवढ्यापर्यंत तर थांबायचंच नाही. आणि एक फसवं लक्षण : छातीतला सुईसुई आवाज अचानक बंद होतो पण धाप तशीच आहे. घरचे म्हणतात, आवाज थांबला, बरं झालं. तसं नाही. आवाज यायलासुद्धा हवा हलावी लागते.

मशीन लावूनही आराम पडला नाही, किंवा पडला आणि तीन-चार तासांच्या आत परत धाप लागली, तर निघायचं. रात्र असो, थंडी असो. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत आणि वाटेत, डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलेलं औषध चालू ठेवा. निघायचं म्हणजे औषध थांबवायचं असं नव्हे.

हे सगळं त्या क्षणी आठवत नाही, मलाही आठवलं नाही. म्हणून शांत असताना डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या : कोणतं औषध, किती, किती अंतराने, जास्तीत जास्त किती वेळा आणि कधी घर सोडायचं. कागद मशीनच्या खोक्यावरच चिकटवा. आणि मशीन लावलं की कॅलेंडरवर त्या तारखेला एक रेघ. दूधवाल्याची मारतो तशी. महिनाअखेरीस रेघा वाढलेल्या दिसल्या तर दुखणं वाढतंय, मग हंगाम असो नसो.

आता प्रश्न घेऊ.

(एका श्रोत्यांचा प्रश्न : पंपाची सवय लागते असं म्हणतात. त्यापेक्षा मशीन सौम्य नाही का?)

हा प्रश्न येणारच होता. हिशेब करू. साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. मशीनच्या एका कुपीत अडीच मिलिग्रॅम, म्हणजे २,५०० मायक्रोग्रॅम. पंचवीस फवारे झाले. त्यातलं बरंच वाया जातं, तरीही ‘सौम्य’ कुठलं? आकार मोठा, आवाज मोठा, दहा मिनिटं लागतात, म्हणून आपल्याला ते मोठं उपचार वाटतं. पंपाला स्पेसर, म्हणजे ती प्लास्टिकची पोकळ नळकांडी, लावून नीट घेतलं तर बहुतेक लोकांना मशीनइतकाच गुण येतो असं अभ्यासांत दिसलंय. ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना श्वास जुळवता येत नाही, त्यांना मशीन लागतं, ते वेगळं. आणि सवयीचं म्हणाल, तर रोजचा स्टेरॉइडचा पंप ही सवय नव्हे, तो सूज दाबून ठेवतो. तो सोडला म्हणूनच अक्काची ती रात्र आली.

पंपाची जन्मकथा सांगतो, मजेची आहे. १९५५ साली अमेरिकेत रायकर नावाच्या औषध-कंपनीच्या प्रमुखांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. काचेचा नाजूक नेब्युलायझर वापरून ती कंटाळली होती. तिने वडिलांना विचारलं, केसांवर मारायचा स्प्रे मिळतो तसं माझं औषध का नाही मिळत? पुढच्याच वर्षी पंप बाजारात आला.

(एका आजींचा प्रश्न : नातू मास्क लावला की रडतो. झोपेत लावलं तर चालेल का?)

रडताना मूल हुंदके देतं, औषध घशात आदळतं, खाली फारसं जात नाही. मास्क लांब धरून ‘वारा’ घालण्याचा उपयोगही फार थोडा. झोपेत लावलं तर बऱ्याचदा ते दचकून उठतं आणि मग पुढच्या वेळी मास्क बघूनच रडतं. मांडीवर ताठ बसवा, गोष्ट सांगा, त्या दहा मिनिटांपुरता मोबाईलसुद्धा माफ. (हशा) आणि बालरोगतज्ज्ञांना विचारा, मास्क लावलेला स्पेसर चालेल का. त्याला मिनिटभरच लागतं. खोलीची खिडकी उघडी असावी, धुकं इतरांच्या नाकात जायला नको. पण बाहेर पाचट पेटलं असेल तर आधी खिडकी बंद.

(एका श्रोत्यांचा प्रश्न : आमच्याकडे रात्री लाईट जाते, तेव्हा काय करायचं?)

कोरेगावकडचे ना तुम्ही? बॅटरीवरची छोटी मशीन्स मिळतात, इन्व्हर्टरही चालतो. पण ज्याला दमा आहे त्याच्या उशाशी विजेशिवाय चालणारी वस्तू हवी, म्हणजे पंप आणि स्पेसर. पंपात औषध उरलंय का, हे मात्र बघत जा. हलवून आवाज आला म्हणजे औषध आहे असं समजू नका. काही पंपांवर आकडे असतात. नसतील तर किती फवारे वापरले ते लिहून ठेवा.

(एका बाईंचा प्रश्न : सर, अक्का आता कशा आहेत?)

बरी आहे. पंप देव्हाऱ्याशेजारी ठेवलाय, पूजेआधी घेते आणि चूळ भरते. मशीन कपाटात आहे, त्यावर कागद चिकटवलाय, भाच्याच्या मुलीने मोठ्या अक्षरात लिहिलेला. परवा फोन आला होता. म्हणाली, ‘बापू, शेजारच्या रानात टोळी आलीय तोडीला, दोन-चार दिवसांत पाचट पेटवतील. साताऱ्याला येऊ का तुझ्याकडं?’ एका दमात म्हणाली. मी म्हटलं, आजच ये.